गाडी पुढचे टायर पुन्हा पुन्हा खाते तेव्हा : जुन्या ट्रकची अलाइनमेंट घरच्या घरी

पुढच्या टायरची एक कडा दुसरीपेक्षा लवकर झिजते. सपाट रस्त्यावर गाडी सरळ धावत असली तरी स्टिअरिंग तिरके राहते. हातांची पकड सैल केली की गाडी एका बाजूला ओढते. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वेगात खड्डा बसला की पुढची चाके काही क्षण थरथरत राहतात आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. यांपैकी एखादे लक्षण दिसले की ‘अलाइनमेंट गेली’, म्हणजे पुढच्या चाकांची दिशा आणि कल बिघडला, असे म्हणून गाडी गॅरेजला लावली जाते, दोन-तीन महिने बरे जातात आणि मग टायर पुन्हा तसाच खाल्ला जातो.

आमच्या टाटा ४०७ च्या बाबतीत हे एकाच वर्षात तीनदा घडले. सासवडहून दिवे घाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजीपाला पोचवणारी ही गाडी आहे. तिन्ही वेळा टायरॉड, म्हणजे पुढची दोन चाके एकमेकांना जोडणारा दांडा, फिरवून देण्यात आला आणि तिन्ही वेळा पैसे मोजले. तिसऱ्या खेपेनंतर मी स्वतः चाक उचलून पाहिले, तेव्हा उजवी किंगपिन, म्हणजे जिच्याभोवती पुढचे चाक वळते ती उभी पिन, बुशमध्ये (तिच्याभोवतीच्या धातूच्या नळीत) चक्क खुळखुळत होती. त्यानंतर आमच्या आणि नात्यातल्या दोघांच्या गाड्यांचे हे काम मी अनेकदा केले आहे. बहुतेक वेळा दोष टायरॉडच्या लांबीत नव्हता, तो दुसरीकडे कुठे तरी होता आणि टायरॉडवर त्याचा परिणाम तेवढा दिसत होता. म्हणून खालच्या तपासण्या स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात, आणि प्रत्यक्ष अलाइनमेंट शेवटी येते.

घरी काय बदलता येते

१९८६ साली बाजारात आलेल्या ४०७ च्या जुन्या पिढीला, आणि तिच्यासारख्या बहुतेक जुन्या ट्रकांना, पुढे सलग घडीव अॅक्सल आणि पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असतात. अशा अॅक्सलमध्ये कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आणि किंगपिनचा कल हे दोन्ही कारखान्यात ठरलेले असतात. ते बदलण्यासाठी कोणताही बोल्ट दिलेला नसतो. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कल, हा पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये बसवलेल्या तिरक्या पाचरीवर आणि पाट्याच्या अवस्थेवर अवलंबून असतो. दोन्ही चाके पुढच्या बाजूला किंचित जवळ आहेत की लांब, म्हणजेच टो, एवढीच एक गोष्ट टायरॉडने बदलता येते. कॅम्बर बिघडला आहे असे दिसले, तर अॅक्सल वाकला आहे किंवा किंगपिन अथवा बेअरिंग झिजले आहे असेच समजावे.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती अनेकांना पटत नाही. दोन्ही चाके एकाच टायरॉडने जोडलेली असल्यामुळे टोमधली चूक गाडी चालताना दोन्ही चाकांत सारखी वाटली जाते. त्यामुळे टो चुकला की टायर झिजतात, पण एवढ्याने गाडी एका बाजूला सहसा ओढत नाही. गाडी ओढत असेल तर हवा, टायर, ब्रेक आणि पाटे यांच्याकडे आधी पाहावे. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते केलेले असतात, तेव्हा डाव्या लेनमध्ये गाडी डावीकडे थोडी सरकणे हा दोषच नव्हे. खात्री करायची असेल तर पहाटे रिकाम्या, सपाट रस्त्याच्या मधोमध गाडी हळू चालवून पाहावी.

टायरवरून हात फिरवणे

या तपासणीला एक पैसा लागत नाही. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. तारा निघालेला टायर हात कापतो, म्हणून आधी नजरेने पाहून घ्यावे. आत येताना गुळगुळीत आणि बाहेर जाताना करवतीसारखी धार लागत असेल, तर टो-इन जास्त आहे. याच्या उलट जाणवले, तर चाके पुढच्या बाजूला फाकलेली आहेत, म्हणजे टो-आऊट आहे. धार नाही, पण एकाच टायरची एक कडा सफाईने उतरत गेली आहे, असे असेल तर संशय कॅम्बरवर, म्हणजे किंगपिन, बेअरिंग किंवा अॅक्सलवर घ्यावा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहते आहे. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर बॅलन्स, बेअरिंग किंवा शॉकअॅब्सॉर्बर तपासावा. अलाइनमेंटने ते खळगे थांबणार नाहीत.

हवा आणि टायर

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची हवा सकाळी थंड टायरवर स्वतःच्या गेजने मोजावी. वेगवेगळ्या पंक्चरवाल्यांकडची गेजे एकमेकांशी जुळतातच असे नाही, आणि आपल्याला येथे दोन्ही बाजूंची तुलना महत्त्वाची आहे. मागच्या जोडीतला आतला टायर मोजायला कंटाळा केला जातो. तो बसलेला असेल तर गाडी एका कुशीला झुकते आणि पुढचे सगळे मोजमाप फसते. एका अॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल टायर असेल तर इथेच थांबून आधी तो बदलावा, कारण दोघांची बाजूला वाकण्याची रीत वेगळी असते.

गाडी ओढत असेल तर पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करावी. ओढ उजवीकडून डावीकडे गेली तर दोष टायरचा आहे आणि पुढचे काहीही उघडण्याची गरज नाही. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकाच्या नटांना उलटे आटे असतात. नट निघत नाही म्हणून पान्याला पाइप लावण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

ब्रेक अडकतो आहे का

पुढचा एक ब्रेक पूर्ण सुटत नसेल तर गाडी त्या बाजूला ओढते. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न दाबता, गाडी चालवावी आणि थांबल्यावर दोन्ही ड्रमांजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी. ड्रमला थेट हात लावू नये. दिवे घाट किंवा कात्रज घाट उतरल्याबरोबर ही तपासणी निरर्थक ठरते, कारण तेव्हा सगळेच ड्रम तापलेले असतात. एक ड्रम स्पष्टपणे जास्त गरम असेल तर काम ब्रेकच्या मिस्त्रीचे आहे. हायड्रॉलिक ब्रेकचा सिलिंडर प्रथमच उघडण्याचा प्रयोग मालवाहू गाडीवर करू नये.

पाटे, यू-बोल्ट आणि अॅक्सलची जागा

रिकामी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंनी चेसिसपासून अॅक्सलपर्यंतचे अंतर मोजावे. फरक दिसला तर तुटलेली पट्टी शोधावी. माती आणि ग्रीसच्या थराखाली भेग दिसत नाही, म्हणून पाटे तारेच्या ब्रशने घासून पाहावेत. त्यानंतर पाटे अॅक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या नटांना पाना लावून पाहावा. यू-बोल्ट सैल राहिले की पाट्यांचा सेंटर बोल्ट एकट्याने भार घेतो आणि एक दिवस तुटतो. मग अॅक्सल त्या बाजूने मागे सरकतो.

हे ओळखण्यासाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि डाव्या बाजूचे पुढच्या-मागच्या खुणांमधले अंतर उजव्या बाजूच्या अंतराशी ताडून पाहावे. मी ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक मोजण्यातली चूक मानतो. त्याहून जास्त असेल तर पुन्हा मोजतो, आणि तरीही तो टिकला तर पाट्यांचे काम करणाऱ्याकडे जातो. मागचा अॅक्सल तिरका असलेली गाडी खेकड्यासारखी चालते, आणि तिचे स्टिअरिंग पुढचा टायरॉड कितीही फिरवला तरी सरळ राहत नाही. पाटे अलीकडेच उतरवले असतील आणि तेव्हापासून स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर वर सांगितलेली पाचर उलटी बसली आहे का, किंवा बसवायचीच राहिली आहे का, ते पाहावे.

सांध्यांमधला खेळ

येथून पुढे मदतनीस लागतो. गाडी जमिनीवरच असू द्यावी, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि मदतनिसाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहावे. आपण खाली जाऊन ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टायरॉड यांच्या प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत. सांध्याचा एक भाग हलला आणि दुसरा क्षणभर उशिरा हलला, तर बोटांना तो ‘टक’ लागतोच. असा टायरॉड एंड, म्हणजे टायरॉडच्या टोकाचा सांधा, बदलल्याशिवाय टो मोजण्यात अर्थ नाही, कारण उभ्या गाडीवर घेतलेले माप चालत्या गाडीत राहत नाही. टायरॉड एंड घरी बदलता येतो, परंतु त्याची स्प्लिट पिन जुनीच पुन्हा वापरू नये. सर्व सांधे घट्ट असूनही स्टिअरिंग बरेच मोकळे फिरत असेल, तर खेळ स्टिअरिंग बॉक्समध्ये आहे. बॉक्सवरचा आवळण्याचा स्क्रू समोर दिसतो आणि त्याला हात लावण्याचा मोह होतो. तो जास्त आवळला गेला तर वळणात स्टिअरिंग जड होते किंवा अडकते, म्हणून ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

किंगपिन आणि बेअरिंग

ही तपासणी सर्वांत जास्त वेळा टाळली जाते, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोष हिच्यात सापडतो. अॅक्सलखाली जॅक लावून एक चाक जमिनीपासून दोन-तीन इंच उचलावे आणि अॅक्सल लगेच भक्कम घोडीवर (स्टँडवर) टेकवावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली, अगदी मिनिटभरासाठीही, डोके घालू नये. विटांची घोडी करू नये. वीट भाराखाली सूचना न देता फुटते.

आता टायरखाली पहार घालून चाक वर-खाली हलवावे आणि नंतर वरून व खालून धरून आत-बाहेर ढकलून पाहावे. खेळ जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि स्टब अॅक्सल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे बेअरिंगमधला खेळ नाहीसा होतो. तरीही चाक हलत असेल तर खेळ किंगपिनमध्ये आहे. हा एवढा भेद न केल्यामुळे आमच्या गाडीची बेअरिंगे एकदा विनाकारण बदलली गेली होती.

बेअरिंगचा खेळ योग्य रीतीने आवळून बहुधा जातो. चाक फिरवताना खरखर आली तर मात्र बेअरिंग बदलावे लागते. किंगपिनचे काम घरी करू नये. जुनी पिन काढायला प्रेस किंवा घणाचे नेमके घाव लागतात, नवी बुशे बसवल्यावर ती पिनच्या मापाने रीमरने (भोक मापाला आणणाऱ्या हत्याराने) घासून घ्यावी लागतात, आणि दोन्ही बुशे एका रेषेत राहिली नाहीत तर नवी पिनही लवकर खराब होते. हडपसर, वाघोली किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीकडे ट्रकचे काम करणारे मिस्त्री हे रोज करतात. त्यांना फक्त इतके ठामपणे सांगावे की किंगपिन दोन्ही बाजूंची एकदम बदलायची आहे.

किंगपिन चांगली निघाली तर चाक वर असतानाच तिला ग्रीस मारून घ्यावे. गाडीचे वजन चाकावर असताना मारलेले ग्रीस खालच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये नीट शिरत नाही. निप्पलला गन लावून, सांध्याच्या कडांतून जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत ती चालवावी. वळणानंतर परत न येणारे स्टिअरिंग निव्वळ या ग्रीसने सुधारल्याचे मी दोन गाड्यांत पाहिले आहे.

टो मोजणे

वरचे सगळे निर्दोष असेल तरच येथे यावे. सपाट जागा मिळणे हे पुण्यात अर्धे काम आहे, कारण बहुतेक अंगणे आणि पार्किंगच्या फरश्या पाणी जाण्यासाठी उतरत्या असतात. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही चाकांच्या जागा तपासाव्यात. मी गावाकडच्या खळ्यातल्या कोब्यावर हे काम करतो.

पुढची चाके आळीपाळीने उचलून टायरच्या मधल्या पट्ट्यावर खडू घासावा. मग लाकडी ठोकळ्यात ठोकलेला खिळा टायरला टेकवून, ठोकळा जमिनीवर घट्ट धरून, चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. खडूवर बारीक रेघ उमटते. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ चाक फिरण्याच्या पातळीतच राहते, म्हणून टायरच्या नक्षीवरून किंवा रिमच्या काठावरून मोजण्यापेक्षा ती विश्वासार्ह असते.

गाडी खाली उतरवून स्टिअरिंग सरळ ठेवावे आणि ती चार-पाच मीटर पुढे ढकलावी किंवा हळू चालवावी. उचललेले चाक खाली आले की ते किंचित आखडलेले राहते आणि पुढे चालल्यावरच आपल्या जागी बसते. गाडी मागे घेऊन मोजू नये. मागे घेताना सांध्यांमधला उरलासुरला खेळ उलट दिशेला जातो आणि माप खोटे येते.

आता मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, दोन्ही रेघांवर पेनाने एकेक ठिपका करावा आणि त्या दोन ठिपक्यांमधले अंतर मोजावे. नंतर चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे न्यावी, म्हणजे तेच ठिपके हबच्या उंचीवर पुढे येतील, ७.५०-१६ च्या टायरला ते सुमारे सव्वा मीटर होते. पुन्हा तेच अंतर मोजावे. मागचे माप पुढच्या मापापेक्षा जितके जास्त, तितका टो-इन. मध्ये इंजिनची चेंबर (तळाची तेलाची टाकी) येत असल्याने टेप सरळ ताणता येत नाही, तेव्हा जमिनीला समांतर धरलेल्या अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपावर दोन उभ्या सळ्या बसवून मी मापाची दांडी केली आहे. प्रत्येक माप तीनदा घ्यावे. तीन मापांत २ मिलिमीटरचा फरक पडत असेल तर चूक आपल्या हातात आहे, गाडीत नाही.

अचूक आकडा गाडीच्या सेवापुस्तिकेतून घ्यावा. नायलॉन टायरांच्या जुन्या ट्रकांना तो साधारण ० ते ३ मिलिमीटर टो-इन या पट्ट्यात असतो. थोडा टो-इन ठेवण्याचे कारण असे की मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीत रस्त्याचा रोध पुढच्या चाकांना बाहेर फाकवतो, आणि चालताना ती जवळजवळ समांतर होतात.

हे मिलिमीटर क्षुल्लक वाटतात, म्हणून एक हिशेब देतो. ८०० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर टो ६ मिलिमीटरने चुकला, तर चूक दोन्ही चाकांत वाटली जाऊन प्रत्येक चाक एका किलोमीटरमागे पावणेचार मीटर आडवे फरफटत जाते. सासवड ते मार्केट यार्ड या सुमारे ३० किलोमीटरच्या एका फेरीत ते शंभर मीटरहून जास्त होते.

टायरॉड फिरवणे

आदल्या रात्री टायरॉडच्या दोन्ही टोकांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून मधला पाइप पाइप-पान्याने फिरवावा. एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असल्याने पाइप फिरला की टायरॉडची एकूण लांबी बदलते. टायरॉड अॅक्सलच्या मागे असेल, आणि बहुतेक जुन्या ट्रकांत तो तिथेच असतो, तर लांबी वाढवल्याने टो-इन वाढतो. पुढे असेल तर उलट.

एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. स्टिअरिंग आर्म, म्हणजे टायरॉडला चाकाशी जोडणारा हात, दीड-दोनशे मिलिमीटरचा आणि टायर ८०० मिलिमीटरचा असल्यामुळे टायरॉडमधला एक मिलिमीटर टायरवर चार-पाच मिलिमीटर होऊन दिसतो. प्रत्येक वेळी गाडी पुन्हा पुढे चालवून, पुन्हा मोजावे. माप बसल्यावर दोन्ही टायरॉड एंड आपापल्या मध्यावर आहेत ना हे पाहून क्लॅम्प आवळावेत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून काही घासत नाही याची खात्री करावी.

टो बरोबर असूनही स्टिअरिंग तिरके राहिले, तर स्टिअरिंग उपसून सरळ बसवू नये. स्टिअरिंग बॉक्स त्याच्या मध्यावरच सर्वांत घट्ट जुळवलेला असतो आणि सरळ रस्त्यावर तो तिथेच असायला हवा. ही दुरुस्ती ड्रॅग लिंकच्या लांबीने करायची असते. ती फिरवता येण्यासारखी नसेल तर मिस्त्रीकडे जावे.

जिथे हात थांबवावा

आटे जॅम झाले असतील तर टायरॉडला गॅसने तापवू नये. वाकलेला टायरॉड ठोकून सरळ करू नये आणि त्याला वेल्डिंग तर कोणाकडूनही करून घेऊ नये. तो मोडला तर दोन्ही चाकांचा एकमेकांशी संबंध सुटतो आणि नवले पुलाच्या उतारावर असे झाले तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. स्टब अॅक्सलवर किंवा स्टिअरिंग आर्मवर केसाएवढी भेग दिसली, अॅक्सल वाकल्याचा संशय आला, किंवा डाव्या-उजव्या चाकाचा उभा कल ओळंब्याने डोळ्यांना दिसेल इतका वेगळा निघाला, तर गाडी चालवत नेण्याऐवजी मिस्त्रीला जागेवर बोलवावे. गॅरेजमध्ये गेल्यावर आपण केलेल्या तपासण्या आणि घेतलेली मापे कागदावर लिहून द्यावीत. म्हणजे पुन्हा नुसता टायरॉड फिरवून गाडी परत मिळण्याची शक्यता कमी होते.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीने मारावी आणि परत आल्यावर क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून पाहावेत. हजार किलोमीटरनंतर टायरवरून हात फिरवावा. हात दोन्ही दिशांना सारखाच सरकला तर माप बसले आहे. पुन्हा धार लागली तर टायरॉडला हात न लावता चाक उचलून किंगपिनपासून सुरुवात करावी.